लंडनची पोरं ‘आम्ही जॅझ ऐकत नाही’ म्हणतात, संगीत खरंच बदललंय का?

जुनी_रेकॉर्ड: मी एलिंग्टन, कोल्ट्रेन अशा जुन्या अमेरिकन जॅझवाल्यांचा माणूस. हल्ली लंडनचा एझ्रा कलेक्टिव्ह बँड, सॅक्सोफोनवाली नुबाया गार्सिया ऐकतोय आणि जाम आवडतंय. भाची तिकडे शिकते, ती आणि तिचा ग्रुप ह्यांच्या गिग्जना जातात, पण जॅझ म्हटलं की नाक मुरडतात, म्हणे ते तुमचं, हे आमचं. जाणकारांनी सांगा, नुसतं लेबल बदललंय की आत पण काही?

ठेका: आत पण बदललंय, ड्रमकडे कान द्या. स्विंगमध्ये, म्हणजे जुन्या जॅझच्या झुलत्या ठेक्यात, राइड सिंबल (ड्रमवाल्याची मोठी झांज) टिंग-टिटिंग करत चालतो आणि खाली बास ठोक्याठोक्याला पाऊल टाकतो. एझ्राचा ड्रमर फेमी कोलिओसो टोनी ॲलनकडे शिकलाय, म्हणजे नायजेरियाच्या अफ्रोबीटवाल्या फेला कुटीचा ड्रमर, त्यामुळे इथे हाय-हॅट, स्नेअर, किक, म्हणजे झांजा आणि लहानमोठे ड्रम, एकमेकांत गुंतलेले, उभं राहून नाचावंसंच वाटतं. यातल्या बऱ्याच जणांच्या घरी अफ्रोबीट नाहीतर रेगे, बाहेर ग्राइम हा लंडनचा रॅप, ते सगळं वाजवण्यात उतरणारच ना. सोलो मात्र जॅझचेच.

निळा_सूर: ते मान्य, पण माझा जीव तुटतो तो वेगळ्यासाठी. ट्रम्पेटवाला निकोलस पेटन २०११ पासून जॅझ नको, ब्लॅक अमेरिकन म्युझिक म्हणा म्हणतोय, पण तो स्वतः न्यू ऑर्लिन्सचा, सगळा वारसा कोळून प्यायलेला. नुसतं ऐकणारी पोरं अमेरिकन सॅक्सोफोनवाल्या कमासी वॉशिंग्टनच्या २०१५ च्या अल्बमपासून सुरू करतात आणि मागे वळूनच बघत नाहीत.

ठेका: वाजवणारे तरी बघतायत. टुमॉरोज वॉरियर्स ही संस्था १९९१ पासून लंडनमध्ये पोरांना फुकट शिकवतंय, नुबाया, फेमी तिथलेच. २०२३ ला एझ्राला मर्क्युरी प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं, जॅझवाल्यांना पहिल्यांदाच, तेव्हा फेमीने स्टेजवरून पोरांना संगीत शिकवणाऱ्या संस्थांना श्रेय दिलं. आणि नाचण्याचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये स्विंगच्या जमान्यात लोक काय खुर्चीत बसून होते का? भाचीला जुना जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकी ऐकवा, तो जोर तिला लगेच ओळखीचा वाटेल.

जुनी_रेकॉर्ड: ब्लेकीची लिंक आत्ताच पाठवली. स्विंगवाला काउंट बेसी पण पाठवू की एकदम जास्त होईल?

निळा_सूर: पाठवा हो, बिनधास्त.