विषय: गुरुवारची दहा मिनिटं: हलगी शेकायची कुठे?

हलगीवाला:
मंडळी, गुरुवारी फोक क्लबात, म्हणजे पबच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या लोकगीतांच्या मैफलीत, आपला नंबर लागलाय. दोन गाणी किंवा दहा मिनिटं, त्यात मांडामांडही आली. माइक नाही. अडचण हलगीची. काल सरावाला कातडं इतकं सैल पडलं की थाप मारली तर ओलं पोतं झटकल्यासारखा आवाज. गावी चार काटक्या पेटवून शेकली असती. इथे इंग्लंडात धुराचा अलार्म. (गणपतीत हॉलवर काय झालं ते लिहीत नाही.) हॅलोजन हीटर कुणाकडे आहे? उद्यापर्यंत सांगा.

सचिव:
हीटर चालेल, पण पबवाल्याला विचारल्याशिवाय प्लग लावायचा नाही. मागच्या वेळी फोन मला आला होता. आणि क्लबशी बोलणी मी केली आहेत, तेव्हा पुढचे निरोपही माझ्यामार्फतच जाऊ देत. परवान्याचं कुणीतरी विचारलं होतं: २०१२ च्या लाइव्ह म्युझिक अ‍ॅक्टपासून बिनमाइकच्या गाण्याला सकाळी ८ ते रात्री ११ वेगळा परवाना लागत नाही.

कोल्हापूरच्या काकू:
हेअर ड्रायर! एका जागी धरू नका, गोल फिरवत राहा, नाहीतर कातडं तडकेल. आमच्या बंधूंनी एकदा हलगी तव्यावर धरली होती, वहिनी आठवडाभर बोलत नव्हत्या. आणि दहा मिनिटांत अफझलखानाचा पोवाडा? खान प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचेस्तोवर घंटा होईल. त्यापेक्षा दोन जात्यावरच्या ओव्या घ्या. मी येते.

शाहीर (मंडळापुरता):
काकू, पोवाडा मी म्हणायचा हे दिवाळीतच ठरलंय. मुजरा आणि भेटीचा प्रसंग, साडेसहा मिनिटं, घड्याळ लावून पाहिलंय. क्लबातली मंडळी धृपद उचलण्यात पटाईत, 'जी जी रं जी' दुसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडी बसेल. फुकटात तीस झीलकरी! मधे एक इंग्रजी कडवं घालतो, म्हणजे त्यांना कळेल.

स्लाऊचे काका:
इंग्रजी कडवं कशाला? साठच्या दशकात लंडनच्या सिंगर्स क्लबात, म्हणजे तिथल्या फोक क्लबात, लोकगीत गायक युअन मॅकॉलच्या मंडळींचा दंडक होता, ज्याने त्याने आपल्या मुलखातलं, आपल्या भाषेतलंच गायचं. अर्थ हवाच असेल तर मुंबईतल्या जुन्या इंग्रज अधिकाऱ्याचं, अ‍ॅक्वर्थसाहेबाचं नाव घ्या. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल ज्याच्या नावाने आहे तोच. शालिग्रामांबरोबर त्याने १८९१ मध्ये पोवाडे छापले आणि १८९४ मध्ये इंग्रजीत आणले, त्यात तुमचा खानही आहे. दोन वाक्यांत सांगायचं, लगेच थाप. प्रस्तावना लांबली की लोक खाली बारकडे जातात, मागच्या वेळी माझ्याच बाबतीत झालंय.

मुलांच्या ढोलपथकातली ताई:
आमच्याकडे फायबरची हलगी आहे. शेकायला नको, काही नको.

हलगीवाला:
ताई, राग मानू नका, पण ती बादलीसारखी वाजते.

ताई:
पोत्यापेक्षा बरी. लागली तर साडेसहाच्या आत सांगा, नंतर मी क्लासला जाते.

कोल्हापूरच्या काकू:
माझ्या ओव्यांचं काय ठरलं?

सचिव:
काकू, मध्यंतरानंतर वेळ उरला तर विचारते. रॅफलला (बक्षिसांच्या सोडतीला) प्रत्येकाने काहीतरी न्यायचं असतं, वाइनच्या बाटल्या नकोत, त्या ढीगभर येतात. मी चकल्या नेते. ड्रायर कुणाचा ते मात्र अजून कळलेलं नाही.

हलगीवाला:
बायकोचा आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.