प्रतिसाद: मोठ्या गाड्यांचा दोष गिऱ्हाइकाचाच?

गिऱ्हाइकालाच दांडगी गाडी हवी असते, त्याला कायदा काय करणार, हा तुमचा मुद्दा अमेरिकेपुरता तरी मला अर्धाच पटतो. १९७३च्या तेलकोंडीनंतर तिथे १९७५ साली मायलेजचा कायदा झाला. १९८५पर्यंत कारची सरासरी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साधारण पावणेबारा किलोमीटर व्हायला हवी होती. पण पिकअप आणि बहुतेक एसयूव्ही 'लाइट ट्रक' ठरल्या. त्यांना कितीतरी वर्षं २०.७ मैलांतच पास! मग कंपन्या त्याच विकायला लागल्या, तर नवल ते काय?

आणि हे निव्वळ रिपब्लिकनांचं पाप नव्हे. मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल डेमोक्रॅट, पण डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांचे पाठीराखे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तर वाहतूक खात्याच्या खर्चाच्या विधेयकात दरवर्षी कलम असायचं: निकष वाढवण्यावर छदामही खर्चायचा नाही. २००७ साली कुठे २०२०साठी ३५ मैलांचं लक्ष्य ठरलं.

२०२५मध्ये निकष मोडल्याचा दंडच शून्यावर आणला. त्यामुळे तिथल्या मंडळींनी आपल्या खासदाराला पत्र लिहिताना नुसता मैलांचा आकडा मागू नये, आधी दंड पुन्हा लागू करा म्हणावं.