केमोनंतर झोप उडते: रात्रीच्या डेक्साचं काय करावं?

प्रश्न (तासगाव)
सासूबाई ५२ वर्षांच्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, आता सांगलीत दर २१ दिवसांनी डोसेटॅक्सेलची केमो चालू आहे. केमोच्या आदल्या दिवसापासून ३ दिवस डेक्सामेथासोन (डेक्सा, एक स्टेरॉइड) ८ मिलिग्रॅम, सकाळी ८ आणि रात्री ८. त्या दिवसांत रात्रभर टक्क जाग्या. नंतर झोप लागते, पण २ वाजता घामाने ब्लाऊज भिजून उठतात आणि दुपारी दोन-दोन तास झोपतात. मेडिकलमधून झोपेची गोळी आणावी का?

उत्तर १
ताई, गोळी नको. आधी रात्री ८ ची डेक्सा बघा. हे स्टेरॉइड झोप उडवतं आणि त्याचा परिणाम दीड-दोन दिवस रेंगाळतो. दुसरा डोस दुपारी १-२ ला जेवणानंतर चालेल का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा चालतो. मनाने बंद मात्र करू नका. डोसेटॅक्सेलची ॲलर्जी आणि अंगावरची सूज टाळायलाच तो दिलेला असतो. डेक्साने शुगरही चढते, मग लघवीसाठी रात्री उठावं लागतं. म्हणून त्या ३ दिवसांत शुगर तपासा. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड असेल आणि पाय स्वस्थ राहत नसतील, तर तेही सांगा. ती तळमळ त्या उलटीच्या गोळीची असू शकते, लोक तिला काळजी समजतात.

उत्तर २
दुपारची झोप ३ च्या आत, २०-३० मिनिटं, गजर लावून. तीही खुर्चीत. दुपारी दोन तास झोपलं की रात्रीची झोप तिथेच खर्ची पडते. रात्री पेंग आल्यावरच अंथरुणावर जायचं. अंदाजे २० मिनिटं झोप आली नाही तर उठून ओसरीवर बसायचं, मंद दिव्यात, मोबाईल न घेता. घड्याळ नजरेआड ठेवा. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, समजा ६. "लवकर आडवं व्हा, आराम पडेल" असं घरचे मायेने म्हणतात, पण अंथरुणात जागं पडून राहिलं की अंथरूण आणि जाग यांचीच जोडी जमते. केमोच्या ३-४ दिवसांत हे नियम सैल सोडा.

ऑपरेशनच्या बाजूवर झोपू देऊ नका. तो हात उशीवर, छातीच्या पातळीला.

उत्तर ३
केमोने पाळी थांबते, त्याचा हा घाम असू शकतो. सुती गाऊन, उशाशी कोरडा बदल, संध्याकाळनंतर चहा बंद. पुढे टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) सुरू झालं तर हा घाम वाढू शकतो. त्यावर पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन (नैराश्यावरची औषधं, अशा घामावरही देतात) कुणी लिहिलं, तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचं काम कमी होतं. व्हेनलाफॅक्सिन हा त्यातला बरा पर्याय.

पण ताई, आज थर्मामीटर उशाशी ठेवा. घाम आला की आधी ताप मोजा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना आलेला ताप जिवावर बेततो. रात्री २ वाजले असले तरी गाडी काढा.