चवथीला घरात अडीच ते दहा वर्षांची भुरगी, सगळी मिळून काय खेळतील?

फोंड्याची सून
नमस्कार मंडळी, चवथीला मूळ घरी सगळे जमतो, आमचा गणपती पाच दिवसांचा. माझी दोघं सहा आणि दहा वर्षांची, जावेची मुलगी अडीच आणि नणंदेचा मुलगा पाच. बाहेर पाऊस, अंगणात शेवाळ, लाईटचा भरवसा नाही. गेल्या वर्षी ल्युडो मांडला तर धाकटी सोंगट्या घेऊन पळाली, मोठा चिडला आणि शेवटी चौघंही मोबाईलवर. आम्ही बायका नेवऱ्या करत बसलेल्या असतो त्यामुळे सारखं कोणीतरी पंच म्हणून बसायचं हे जमणार नाही. घरात होतील असे खेळ सांगा, नवीन काही विकत आणायचं नाहीये.

साखळीकर
एकमेकांना हरवायचे खेळ काढूच नका, निदान पहिल्या दिवशी तरी. सगळ्यांची एकच पार्टी करा. फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि किती वेळा मारला ते मोठ्याने मोजायचं, बस. दहा वर्षांच्याला डावा हातच वापरायचा, सहावालीला दोन्ही, धाकटीने डोक्याने मारला तरी चालेल. हे मात्र मागच्या खोलीत हां, मखर आणि समईपासून लांब. आणि फुगा फुटला की रबराचे तुकडे आधी उचला, धाकटीच्या तोंडात गेले तर घशात अडकतात.

आजी, डिचोली
अगो, धाकटीला लिंबूटिंबू धर की! तिच्यावर राज्य येत नाही, ती आऊट होत नाही, नुसती मधे पळते आणि खूश असते. आमच्या वेळी असंच चालायचं. पण चिंचोके, गजगे, कवड्या तिच्यासमोर काढू नको, तीन वर्षांच्या आतली पोरं सगळं तोंडात घालतात. तिला करवंट्या आणि वाट्या दे.
आणि बाजार मांडू दे त्यांना. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहिलाय ना सगळ्यांनी, तस्सा. घरात चवथीची भाजी आलेलीच असते, भेंडे, दोडकी, तवशी, नारळ. जुन्या कॅलेंडरच्या नोटा कापायच्या, मोठा हिशेब लिहील, सहावाली विकायला बसेल, पाचवाला गिऱ्हाईक होऊन घासाघीस करेल आणि धाकटी पिशवी घेऊन इकडची भेंडी तिकडे नेत राहील. आमच्याकडे हा बाजार दुपारभर चालतो, उठवावा लागतो. फक्त संध्याकाळच्या भाजीची दोडकी आधी बाजूला काढून ठेव.

पेडणे_बाबा
आजी, बाजार एक नंबर, पण लिंबूटिंबूचं मला अर्धंच पटतं. अडीचवालीला ठीक आहे पण नणंदेच्या पाच वर्षांच्याला तसं धरू नका, त्याला बरोबर कळतं की आपला आऊट कोणी मोजत नाही, आणि मग तो मुद्दाम खेळ मोडतो. त्यापेक्षा त्याला दोन लाइफ द्या. एकदा आऊट झाला तरी परत आत, दुसऱ्यांदा मात्र खरंच बाहेर. नियम सगळ्यांसमोर आधी सांगायचा म्हणजे मोठा 'चीटिंग चीटिंग' करत नाही.
बाकी हाऊजी म्हणजे तंबोला खेळू शकता, आपल्याकडे फेस्ताला नि लग्नाला बसतो तसंच, फक्त नव्वद आकडे लहानांना झेपत नाहीत म्हणून चित्रांची. मोठ्याला पुठ्ठ्यावर नऊ-नऊ चौकोन आखायला लावा, त्यात मोदक, उंदीर, समई, छत्री, खेकडा वगैरे, आणि तीच चित्रं वेगळ्या चिठ्ठ्यांवर. प्रत्येक पुठ्ठ्यावर चित्रं थोडी वेगळी हवीत नाहीतर सगळ्यांची एकदमच फुल हाऊस. हे काढण्यातच एक सकाळ जाते, तो फायदा वेगळा. डब्यातून चिठ्ठी काढायचा मान धाकटीचा, म्हणजे ती पुठ्ठ्यांवर बसणार नाही. खुणेला चणे-दाणे नकोत, पेन्सिलने फुली.

सत्तरीची मावशी
माटोळी आहे की डोक्यावर, गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधलेली ती लाकडी चौकट! सगळ्यांनी तिच्याखाली उभं राहून वीस म्हणेपर्यंत वर बघायचं आणि मग पाठ फिरवून एकेकाने एक-एक नाव सांगायचं, सांगितलेलं परत नाही. लहान आधी, म्हणजे नारळ-केळी त्यांना मिळतात आणि मोठ्याला कांगलां, घागऱ्यो, कवंडळ, आंबाडे, तोरिंग असली नावं आठवत बसावं लागतं. नाव येत नसेल तर आजोबांना विचारायची मुभा, तेही खूश. धाकटीला फक्त 'सुपारी कुठे?' विचारा, ती बोट दाखवेल.
लाईट गेली तर भिंतीवर बॅटरी मारून सावल्या, मोठा हाताने प्राणी करतो आणि बाकीच्यांनी आवाज काढायचे. धाकटी अंधाराला घाबरत असेल तर बॅटरी तिच्याच हातात द्या, सावली हलेल पण रडणार नाही.

फोंड्याची सून
बापरे, मस्तच! बाजार आणि माटोळी नक्की. पण एक राहिलं, मोठा दोन दिवसांत कंटाळतो, 'मी का सारखं यांना सांभाळू' म्हणतो.

पेडणे_बाबा
बरोबरच म्हणतो तो. दुपारी जेवून धाकटी झोपली की तो वेळ त्याचा, काका-मामांबरोबर कॅरम किंवा पत्ते, तिथे लहानांना प्रवेश नाही असं उघड सांगा. मात्र ती उठायच्या आत बोर्ड कपाटावर आणि स्ट्रायकर तुमच्या पर्समध्ये.