शब्दचर्चा : ‘हँग होणे’ म्हणजे गोठणे, अडकणे, तुंबणे की खोळंबणे?
(खटका, सोल्डर, भाषावेडा, रात्रपाळी, पाटीपेन्सिल ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

खटका
‘कॉम्प्युटर हँग झाला’ याला मराठी शब्द शोधताना ‘गोठणे’ हा शब्द पुन्हापुन्हा सुचवला जातो. शब्द चांगला आहे, पण एका अवस्थेपुरताच. पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं, माऊसचा बाण खिळलेला, कोपऱ्यातल्या घड्याळाचा मिनिट पुढे सरकत नाही, याला गोठणे चपखल बसतं. पण बाण छान फिरतोय आणि फक्त एक खिडकी पांढुरकी पडली आहे, तर ते गोठणं कसलं? सगळं चालतंय पण फोल्डर उघडायला दीड मिनिट लागतोय, तेही लोक ‘हँग’च म्हणतात. एका शब्दात निदान चार बिघाड कोंबले गेले आहेत आणि त्या चारांचे उपाय वेगळे आहेत. म्हणून प्रतिशब्द एक नको, चार हवेत.

सोल्डर
गोठणे आधी पक्कं करू, कारण त्याची परीक्षा सोपी आहे. की-बोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर सिस्टीम आतून जिवंत आहे, फक्त चित्र थांबलंय. मग विंडोज 10 किंवा 11 मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबावीत. पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र हाताळणारा छोटा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो. उघड्या फाइली शाबूत राहतात.

दिवा ढिम्म राहिला तर ते खरं गोठणं. गाणं चालू असेल तर आणखी एक खूण मिळते. आवाजाचा शेवटचा तुकडा घरघरत राहतो, कारण साऊंड चिप मेमरीतला तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचत असते आणि पुढचा भरणारं कोणी उरलेलं नसतं. इथे पॉवरचं बटण मशीन बंद होईपर्यंत दाबून धरण्याला पर्याय नाही. त्याला साधारण 4 ते 10 सेकंद लागतात.

कारणं बहुतेक हार्डवेअरकडची : रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), तापमान, पॉवर सप्लाय; ते नसेल तर ड्रायव्हर. सुरुवात रॅमपासून करावी. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या, रॅमची पट्टी काढा, सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा ब्रशने झाडा आणि दोन्ही बाजूंना ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत पट्टी बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, म्हणजे दोषी कोण ते कळतं. दातांना बोट लावू नये. खोडरबराने मिळवलेलं घामाने जातं.

भाषावेडा
‘अडकणे’ आणि ‘खोळंबणे’ यांत मराठी फरक करते, तो इथे फार उपयोगी आहे. अडकतो तो स्वतःच्याच गुंत्यात, जसा दोरा अडकतो किंवा तबकडी अडकते. खोळंबतो तो दुसऱ्यामुळे. मुंबईच्या बातम्यांत वाहतूक ‘खोळंबते’ म्हणजे पुढे काहीतरी आडवं आलेलं असतं, गाड्यांत दोष नसतो.

खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ कधी येतं? विंडोजने दिलेल्या निरोपांना प्रोग्रामने 5 सेकंद दाद दिली नाही की. त्यात तो अडकलाय की खोळंबलाय हे सांगितलेलं नसतं, ते आपण काढायचं असतं.

सोल्डर
आणि ते काढता येतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये तो प्रोग्राम शोधा आणि सीपीयूचा (प्रोसेसर किती वापरला जातोय त्याचा) रकाना बघा. आठ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळणाऱ्या, प्रोसेसरवर आकडा 12-13 टक्क्यांवर चिकटून बसला असेल तर प्रोग्राम एक अख्खा थ्रेड खात गोल गोल फिरतोय. 100 भागिले 8 म्हणजे 12.5. चार थ्रेडच्या प्रोसेसरवर हाच आकडा 25 दिसेल. हे अडकणं. थोडी वाट पाहून ‘एंड टास्क’ (प्रोग्राम जबरीने बंद) करावं, आपोआप सुटण्याची आशा कमी.

आकडा शून्य असेल तर तो खोळंबलाय. त्याच ओळीवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅनलाइझ वेट चेन’ निवडा. दुसरा प्रोग्राम त्याला धरून बसला असेल तर त्याचं नाव तिथे दिसतं. नाव दिसलं नाही तर पहिला संशय पेन ड्राइव्हवर, झोपलेल्या एक्स्टर्नल डिस्कवर किंवा बंद असलेल्या प्रिंटरवर घ्यावा. नेटवर्कवरचं फोल्डर ‘मॅप’ केलेलं (आपल्याच ड्राइव्हसारखं जोडलेलं) असेल आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद असेल, तर फाइल एक्स्प्लोरर हमखास खोळंबतो. यात ‘एंड टास्क’ करून काही साधत नाही, आडवं आलेलं बाजूला करावं लागतं.

रात्रपाळी
चौथा शब्द ‘तुंबणे’. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क 100 टक्के’ दिसलं की लोक म्हणतात डिस्क फुल्ल झाली आणि फोटो पुसायला बसतात. ते 100 टक्के जागेचे नसतात. डिस्क किती वेळ कामात गुंतलेली आहे त्याचे असतात. जागा अर्धी रिकामी असूनही आकडा 100 असू शकतो आणि त्याच वेळी खाली वेग सेकंदाला जेमतेम 1-2 एमबी दिसतो. मोरी भरली नाही, मोरी तुंबली. जागा संपली तर ‘डिस्क भरली’ म्हणावं, मागण्यांची रांग पुढे सरकत नसेल तर ‘डिस्क तुंबली’.

फिरत्या तबकडीची डिस्क का तुंबते याचं गणित साधं आहे. मिनिटाला 5400 फेऱ्या म्हणजे एका फेरीला 11.1 मिलिसेकंद. इकडचा-तिकडचा तुकडा वाचायचा तर सरासरी अर्धी फेरी वाट, शिवाय वाचणारा दांडा हलायचा वेळ. सेकंदाला शंभर तुकडेही धड होत नाहीत. 4 जीबी रॅममध्ये ब्राउझरचे वीस टॅब उघडले की न मावणारं सगळं डिस्कवर लिहिलं-वाचलं जातं आणि नळ सुरू राहून मोरी तुंबते. इथे रॅम वाढवून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) टाकणं हाच खरा इलाज. ‘क्लीनर’ नावाच्या प्रोग्रामांनी काही होत नाही.

एसएसडीही तुंबते, तेव्हा मात्र जागेकडे बघावं. अगदी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून 10-15 टक्के जागा मोकळी ठेवावी.

सोल्डर
यात भर. डिस्क खराब होत असतानाही आधी तुंबल्यासारखीच वागते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 05 (बदलून टाकलेले खराब तुकडे) आणि सी5 (वाचता न येणारे संशयित तुकडे) या दोन ओळी पाहाव्यात. सी5 शून्याच्या वर असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवून आधी डेटा दुसरीकडे घ्यावा. सी7 (डेटा नेताना-आणताना झालेल्या चुका) वाढत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर दोष सहसा डिस्कचा नसून तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. ती केबल बदलून पाहणं सगळ्यात स्वस्त.

पाटीपेन्सिल
चारही शब्द मान्य, पण ‘हँग’ हाकलू नये. तो मराठीत रुळलाय आणि त्याने मराठी व्याकरणही उचललंय. ‘काल फोन हँग झाला’ आणि ‘फोन हँग मारतो’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिली घटना आहे, दुसरी खोड. एकदाच घडलेल्या गोष्टीला बहुधा कोणी ‘मारतो’ म्हणणार नाही. पुन्हा ‘रीस्टार्ट मार’, ‘फॉरमॅट मार’ यांत मारणारा माणूस असतो, ‘हँग मारतो’मध्ये मशीनच कर्ता होतं.

सोल्डर
हे मला फार आवडलं, कारण दुरुस्तीतही पहिला प्रश्न तोच असतो : झाला की होतो? आणि होत असेल तर कशानंतर? सुरू केल्यापासून वीस मिनिटांनी, गेम चालू असताना, असं ठरलेलं असेल तर आधी धूळ आणि पंखा बघावा, मग प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली पेस्ट. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

खटका
‘बंद करून चालू कर’ या सल्ल्यातही एक शब्द फसवतो. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात ‘शट डाऊन’ केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. खात्री करायची तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनवरही तिथे कित्येक दिवस दिसू शकतात. म्हणजे ‘शट डाऊन’ म्हणजे बंद नव्हे, पांघरूण घेऊन पडणं. शिफ्ट धरून ‘शट डाऊन’ क्लिक केलं तर ते पुरतं बंद होतं. यासाठी चांगली क्रियापदं कोणी सुचवेल का?

भाषावेडा
‘निजवणे’ स्लीपला आधीच चाललाय, तो नको. ‘मिटणे’ आणि ‘आवरणे’ हे दोन शब्द दुकानावर तोलून पाहू. दुकान मिटलं म्हणजे शटर खाली, आतला माल जागच्या जागी. आवरलं म्हणजे सगळं उचलून ठेवलं. शट डाऊनला ‘मिटणे’ आणि शिफ्टसकट शट डाऊनला ‘आवरून मिटणे’ म्हणता येईल. रीस्टार्टला ‘नव्याने मांडणे’.

रात्रपाळी
‘आवरणे’ पटलं. बॅटरीच्या बाबतीत मराठीने हे आपणहून केलेलंच आहे. उतरली म्हणजे चार्ज करा, बसली म्हणजे बदला, फुगली म्हणजे चार्जर काढा, टोचू-दाबू नका आणि लगेच काढवून घ्या. तिघींना ‘खराब’ म्हणणारा फसतो.

पाटीपेन्सिल
फोनचं राहिलं. बॅटरी निघत नसल्याने ‘बॅटरी काढून घाल’ हा वाक्प्रचार आता निरुपयोगी झालाय. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण मिळून 10 सेकंदांच्या आसपास धरावं लागतं. आयफोन 8 पासून पुढे आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरा. याला ‘मानगूट धरून उठवणे’ म्हणावं असं सुचवतो. फोन गोठला असेल तरच. नुसता खोळंबला असेल तर आधी वाय-फाय बंद करून पाहावं.