मदत हवी आहे: न्यूट्रॉन 10 मिनिटं टिकतो की 15?

पिंपळपान: उद्या सकाळी सेमिनार आहे आणि एका स्लाइडवर अडकलेय. एका पुस्तकात 10 मिनिटं, दुसऱ्यात जवळजवळ 15. बरोबर कुठलं? लवकर सांगा, प्लीज.

जुना_मास्तर: कशाची 10 मिनिटं? आकड्याशेजारी काय छापलंय ते लिही. आणि न्यूट्रॉन मोकळा की केंद्रकातला?

रानवारा: केंद्रकातला तर मोडतच नाही.

सिग्मा: असं सरसकट नाही. कार्बन-14 मध्ये न्यूट्रॉनचाच प्रोटॉन होतो.

रानवारा: मी स्थिर केंद्रकांबद्दल बोलत होतो.

सिग्मा: मग तसं लिहायचं ना!

चहाबाज: न्यूट्रॉन शोधणाऱ्या चॅडविकचा प्रयोग नक्की घे. 1932, केंब्रिज. बेरिलियमवर अल्फा कण सोडले, त्यातून निघालेल्या किरणांनी मेणातून प्रोटॉन उडवले. 1935 चं नोबेल त्यासाठीच.

पिंपळपान: काका, शोधाची स्लाइड झालीये. न्यूट्रॉन मोकळाच. एकीकडे 'अर्धायुष्य 611 सेकंद', दुसरीकडे 'सरासरी आयुष्य 880 सेकंद'.

जुना_मास्तर: हे आधीच लिहायचंस! दोन्ही बरोबर आहेत. अर्धायुष्य म्हणजे निम्मे मोडायला लागणारा वेळ, सरासरी आयुष्य म्हणजे एक न्यूट्रॉन सरासरी किती टिकतो. 880 ला 0.693 ने गुण, 610 येतात. 1000 मोकळे न्यूट्रॉन घेतलेस तर साधारण 10 मिनिटांनी 500 उरतील आणि 880 सेकंदांनी 368. दर वर्षी मुलं इथेच अडखळतात, कारण पुस्तकं नुसतं 'आयुष्य' लिहून मोकळी होतात.

सिग्मा: पण 880 वरही एकमत नाही. बाटलीत कोंडून उरलेले न्यूट्रॉन मोजले की आयुष्य 878 सेकंदांच्या आसपास येतं. न्यूट्रॉनच्या झोतात ते मोडून तयार झालेले प्रोटॉन मोजले की 888. हा फरक अजून सुटलेला नाही. माझ्या मते सेमिनार यावरच करावा.

जुना_मास्तर: आदल्या रात्री विषय बदलायला सांगू नका हो. एक ओळ पुरे.

रानवारा: न्यूट्रॉन कशामुळे मोडतो, हे मात्र दाखव. वस्तुमान ऊर्जेच्या एककात, एमईव्हीत घे: न्यूट्रॉन 939.565, प्रोटॉन 938.272. फरक 1.293. त्यातले 0.511 मोडताना तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉनला लागतात, उरलेली 0.782 ऊर्जा बाहेर पडते. ही वजाबाकी फळ्यावर कर, स्लाइडवर नको.

चहाबाज: फॉन्ट मोठा ठेव. मागच्या बाकावर काही दिसत नाही.

पिंपळपान: 610 आलं, आत्ताच करून पाहिलं! एका पुस्तकात चूक आहे असंच धरून बसले होते. वजाबाकी फळ्यावर करते. सिग्मादादा, झोताच्या प्रयोगात प्रोटॉन पकडतात कसे? सर हे विचारणारच.

सिग्मा: चुंबकीय क्षेत्रात अडकवून. थांब, आकृती काढून टाकतो.