स्पॅनिश पक्की करायला बाहेर जायचंय, दवाखानेपण बघायचेत. स्पेन की दुसरीकडं कुठं?

खानापूरची_पोर:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॉकडाऊनमध्ये टाइमपास म्हणून मोबाईलवर स्पॅनिश सुरू केलं ते सुटलंच नाही, आता ऑनलाइन क्लास लावलाय, ए२ (म्हणजे सुरुवातीची दुसरी पायरी) झालंय म्हणतात सर, खरं समोरचा भराभर बोलायला लागला की माझी दांडी गुल. कोर्स संपला की चारसहा महिने जाऊन भाषा पक्की करायची आणि तिकडचे दवाखाने कसे चालतात तेपण बघायचं असं डोक्यात आहे. बाबा म्हणतात गल्फला नर्सा पाहिजेत, हे स्पॅनिश कुठलं काढलंस मधीच. एक एजंट म्हणालाय हॉस्पिटलात पेशंट हाताळायला मिळतील, आकडा लाखात सांगितलाय. खरं असतंय का हे?

शहापूरकर:
एजंटाचा नंबर ब्लॉक कर पहिला. स्पेनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर आपली डिग्री तिथल्या सरकारकडनं मान्य करून घ्यावी लागते, त्याला होमोलोगासियोन म्हणतात आणि ते लवकर हुईत नाही. त्याशिवाय तू फार तर शेजारी उभी राहून बघणार, इंजेक्शन बिंजेक्शन विसर. बघण्यातपण शिकायला भरपूर आहे, फक्त त्याला ट्रेनिंग म्हणून लाखानं पैसे मोजू नको.

निपाणी_एक्सप्रेस:
९० दिवसांच्या वर राहणार असशील तर स्टुडंट व्हिसा लागतो. खात्यात महिन्याला ६०० युरोच्या हिशोबानं पैसे दाखवायचे, आणि इन्शुरन्स असा पाहिजे की दवाखान्यात खिशातनं काही भरावं लागू नये, स्वस्तातली ट्रॅव्हल पॉलिसी चालत नाही. भाषेची शाळा इन्स्तितुतो सेर्वांतेसची, म्हणजे स्पॅनिश शिकवणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेची, मान्यता असलेलीच धर. डेले आणि सिएले या स्पॅनिशच्या परीक्षा, डेलेचं सर्टिफिकेट कायमचं असतं, सिएलेचं ५ वर्षं. जायच्या आधी बी१, म्हणजे ए२ च्या पुढची पायरी, कर बाई, नाहीतर तिकडं जाऊन पण इंग्लिशच बोलत बसशील.

अनगोळची_अक्का:
मी आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, शिकायला होते, म्हणून थोडं लांबड लावते. मोठ्या हॉस्पिटलाच्या नादाला लागू नकोस, सेंत्रो दे सालुद बघ, म्हणजे आपल्या पीएचसीसारखं. १९८६ च्या कायद्यानं सगळ्यांसाठी सरकारी सेवा झाली, ती आता १७ स्वायत्त प्रदेश आपापली चालवतात. प्रत्येकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर, उठलं की थेट स्पेशालिस्टकडं असं नाही. डॉक्टरला पैसे नाहीत, औषधाला मात्र थोडे पडतात, पेन्शनवाल्यांना साधारण १० टक्के आणि त्यालापण महिन्याची मर्यादा. दाताचं मोठ्या माणसांना बहुतेक स्वतःच्या खर्चानं. शुगर, बीपी, जखमेची पट्टी हे बरंचसं नर्सच स्वतःच्या खोलीत बघते, तुला तेच बघण्यासारखं आहे. बाहेर बाकावर म्हाताऱ्या बसलेल्या असतात, नवीन आलेला दारातनंच मोठ्यानं विचारतो शेवटचं कोण, कुणीतरी हात वर करतं, झाली लाईन. मग गुडघ्यापासनं सुनेपर्यंत सगळं ऐकायला मिळतं, माझी स्पॅनिश त्या बाकावर सुधारली, वर्गात नाही. फक्त तिकडं शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, पहिले पंधरा दिवस रडू येईल.

कॅम्पातला_भाऊ:
कोस्टा रिकापण बघा ताई, मध्य अमेरिकेतला देश, तिथंपण स्पॅनिशच. १९४८ ला सैन्यच बंद केलं त्यांनी, आणि सरकारी आरोग्य विमा १९४१ पासनं आहे. गावोगाव एबाइस म्हणून छोटी टीम असते, डॉक्टर, नर्सिंगवाली आणि घरोघर फिरणारा एक कार्यकर्ता, अगदी आपल्या आशाताईंसारखा, खरं त्याला पगार असतो. बोलतातपण स्पेनपेक्षा सावकाश. तिकीट मात्र महाग, थेट विमान नाही.

खानापूरची_पोर:
अक्का, त्या बाकावर परक्या माणसाला बसू देतात काय?

अनगोळची_अक्का:
बाकावर कोणीपण बस गं. आत नर्सच्या खोलीत बसायचं तर सेंटरची लेखी परवानगी आणि पेशंटची हो पाहिजे. शाळेकडनं पत्र घे, आणि आपल्या कॉलेजच्या प्रिन्सिपल मॅडमकडनं एक इथनंच घेऊन जा, तिथनं मागवत बसलीस तर महिना जाईल.